पुराण, अवस्वर, ओवी : संगणकाची मोजणी

(पणजी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठीच्या व्यासपीठावर प्रोग्रॅमिंग कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आपले विद्यार्थी आता जुनी काव्ये संगणकावर शोधतात, आणि तिथे ओवीचा पत्ता चुकला की संदर्भच खोटा ठरतो, म्हणून.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ घ्या. पहिले पुराण ३६ अवस्वरांचे, दुसरे ५९ अवस्वरांचे. प्रत्येक अवस्वराच्या पोटात ओव्या. म्हणजे यादीत यादी, तिच्यात आणखी यादी. आपण ‘दुसरे पुराण, दहावा अवस्वर, पाचवी ओवी’ म्हणतो. पायथॉनमध्ये ते पुराण[१][९][४] होते. तिथे आकडा ‘कितवा’ हे सांगत नाही, ‘आरंभापासून किती घरे पुढे’ हे सांगतो. तळमजल्यावर राहणाऱ्याला जिना चढावा लागत नाही, तसे. कंस बाहेरून आत जातात. पेडण्याच्या पत्रावर आपण घर, वाडा, गाव, तालुका असे आतून बाहेर येतो, त्याच्या नेमके उलट.

धोका कुठे आहे पाहा. छापील आकडा तसाच घालून पुराण[०][३६] मागितले, तर संगणक अडतो. इतक्या पुढचा घटकच नाही म्हणतो. हे बरे. पण पुराण[१][३६] मागितले, तर तो मुकाट्याने सदतिसावा अवस्वर काढून देतो, आणि प्रबंधात तो छत्तिसावा म्हणून छापला जातो. ओरडणारी चूक परवडते, गप्प बसणारी नाही. म्हणून नुसत्या याद्या न करता छापील क्रमांक हीच किल्ली मानून ओव्या साठवाव्यात, असे माझे मत आहे. (शून्यापासून मोजण्याची बाजू डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये नेटकी मांडली आहे. पटते, पण त्यांना ओव्या मोजायच्या नव्हत्या.)

ओवीच्या आत आणखी एक पायरी आहे, अक्षराची. ‘पणजी’ आपल्या कानाला तीन अक्षरे. पायथॉनला चार घटक, कारण दुसरी वेलांटी तो वेगळी धरतो. तिसरे अक्षर म्हणून [२] मागाल, तर ‘ज’ हाती येईल, ‘जी’ नाही. ‘डिचोली’ तर तिनाची सहा होते! अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मोजणी यंत्राकडून करून घ्यायची असेल, तर काना, मात्रा, वेलांटी आधीच्या व्यंजनाला जोडून, जोडाक्षर अखंड ठेवून मगच यादी करावी लागते. आणि कुठे तोडायचे, हे संगणकशास्त्राच्या मुलांना मराठीच्या शिक्षकानेच सांगावे लागेल.