दगडावरील नांवें आणि न लिहिलेलीं नांवें



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मंदिराच्या इमारतीविषयीं दोन शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे. आपलें परतवाडा एके काळीं हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचें गांव होतें. म्हणून पलटणींच्याच स्मरणार्थ उभारलेलें एक मंदिर आज आपणांपुढें ठेवितों.

मुंबईस कुलाब्याला संत योहानाचें मंदिर आहे. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. तें अँग्लिकन पंथीयांनीं बांधलें. १८४७ सालीं पायाभरणी झाली, ७ जानेवारी १८५८ रोजीं प्रतिष्ठापना झाली आणि १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ सालीं पुरा झाला. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. दगड आपल्याच देशचा. घडण मात्र तेराव्या शतकांतील इंग्लंडच्या मंदिरांची. त्या काळीं इंग्लंड रोमच्या धर्मपीठाशीं जोडलेलें होतें. म्हणून ही घडण आपणांसही परकी नाहीं.

तिचें मर्म टोंकदार कमानींत आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीनें ठरते. टोंकदार कमान हवी तितकी उंच नेतां येते, आणि तिचा भार बाजूंस कमी व खालीं अधिक जातो. उरलेला रेटा बाहेरचे दगडी टेकू पेलतात. त्यामुळें भिंतींत रंगीत कांचांच्या उंच खिडक्या बसवितां येतात.

परंतु या मंदिरांतील एक लेख आम्हांस फार विचार करावयास लावतो. १८३८ ते १८४३ च्या सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मरण पावलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें तेथें आहेत. सामान्य शिपाई मात्र इतके होते कीं त्यांचीं नांवें लिहितां आलीं नाहींत, असा त्या लेखाचा आशय आहे. जानेवारी १८४२ मध्यें काबूलहून सुमारें १६,००० माणसें निघालीं. त्यांत सुमारें १२,००० बाजारबुणगे, बहुतेक हिंदुस्थानचे. त्यांतील बहुतेक बर्फांत व खिंडींत मेले अथवा बंदिवान झाले. पाणके, मोतद्दार, त्यांचीं बायकामुलें यांचा तर त्या लेखांत उल्लेखही नाहीं.

पवित्र ख्रिस्तसभेची रीत निराळी आहे. बाप्तिस्म्याच्या वहींत अधिकाऱ्याच्या मुलास जितकी जागा, तितकीच मोलकरणीच्या मुलास. फार आहेत म्हणून तेथें कोणी वगळला जात नाहीं. तीच रीत आपण या ज्युबिलीस लावावी. आपल्या मंदिराचा पाया ज्यांनीं खणला, माती ज्यांनीं वाहिली, पाणी ज्यांनीं आणिलें, त्यांचीं नांवें घरोघरच्या वृद्धांस आजच विचारून आणा. ते गेल्यावर सांगणारें कोणी उरणार नाहीं. २ नोव्हेंबरच्या मिस्सेंत आम्ही तीं वेदीसमोर एकेक करून वाचूं. मग कितीही वेळ लागो.