ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन

मोहोळहून रेल्वेनं पुण्याला गेलात, तर स्टेशनला लागूनच ताडीवाला रोडची दाट वस्ती आहे. रॅपर एमसी स्टॅन, म्हणजे १९९९ साली जन्मलेला अल्ताफ, तिथलाच. लहानपणी तो कव्वाली गायचा. तालावरची पकड त्यातूनच आली असावी, असं मला वाटतं. ‘तडीपार’ हा त्याचा अल्बम २०२० साली आला, ‘इन्सान’ २०२२ साली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून त्यानं ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकलं. घरोघरी नाव पोहोचलं, तरी बोली वस्तीचीच राहिली. पुण्याच्या गल्लीतली ती रांगडी हिंदी त्यानं गुळगुळीत केली नाही, आणि गावोगावच्या पोरांना तीच भिडली.