लायसन्स अडकलं कुठे?

एका कॉम्प्युटरवरचं लायसन्स दुसऱ्यावर नेताना नेमकं काय होतं, ते आज बोलू. सुरुवात माझ्याच चुकीपासून.

मामांची खतांची दोन दुकानं, एक शिरूरला, एक दौंडला. हिशोबाचं सॉफ्टवेअर शिरूरच्या कॉम्प्युटरवर, एकाच मशीनचं लायसन्स. मामा म्हणाले, हिशोब आता दौंडला हलवू. मी लगेच कामाला लागले. डेटा पेनड्राइव्हवर घेतला, शिरूरच्या मशीनची जुनी डिस्क कोरी केली, वर नवी एसएसडी टाकली. न्हावऱ्यावरून दौंडला पोचले, सिरीयल नंबर टाकला. उत्तर आलं: हा नंबर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे.

तारीख १९. जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचं. मामा एवढंच म्हणाले, "अगं, इंजिनिअर ना तू?"

आता आत काय घडतं ते बघा. नंबर टाकला की प्रोग्रॅम मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांवरून त्या मशीनची एक खूण बनवतो. नंबर आणि खूण कंपनीच्या सर्व्हरकडे जातात. सर्व्हर वहीत नोंद करतो आणि सही केलेली एक फाइल परत पाठवतो. फाइल दुसरीकडे कॉपी केली तर खूण जुळत नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आलं, तेव्हापासून ही पद्धत घरोघरी पोचली. त्याआधी, आणि नंतरही, आपल्याकडचे डीटीपीवाले श्रीलिपीसाठी डोंगल लावायचे. डोंगल काढा, दुसऱ्या मशीनला लावा, झालं. लायसन्स अक्षरशः खिशात!

सर्व्हरच्या वहीतली नोंद मात्र फॉरमॅट मारून पुसली जात नाही. जुन्या मशीनवरून आधी लायसन्स परत करावं लागतं. काही ठिकाणी त्याला 'सरेंडर' म्हणतात, काही ठिकाणी 'डीअ‍ॅक्टिव्हेट'. मी ते केलंच नव्हतं. आणि डिस्क बदलल्यामुळे शिरूरच्या मशीनची खूणही बदलली होती.

एकच रस्ता उरला. नोंदणीच्या मोबाइलवर ओटीपी मागवून नोंद रिकामी करायची. तो मोबाइल निघाला आधीच्या हिशोबनीस मुलाचा. मामांनी त्याला दोन वर्षांपूर्वी भांडून काढलं होतं.

मामा बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लावला. पोरानं मुकाट्यानं आकडे वाचून दाखवले आणि विचारलं, "मामी बऱ्या आहेत ना?" रिटर्न २० तारखेला दुपारी गेलं.

तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. फॉरमॅटच्या आधी लायसन्स परत करा. नोंदणी मालकाच्याच ईमेल-मोबाइलवर ठेवा. आणि दोन्हीकडे एकाच वेळी काम हवं असेल, तर लायसन्स त्याला परवानगी देतं का, ते घेतानाच विचारा.

त्या मुलाचा राहिलेला पगार मामांनी त्याच आठवड्यात पाठवला. ती नोंद मीच केली, दौंडच्या मशीनवर. भेटू पुढच्या भागात!