परक्याचे मूल, आपले घर

(अमेरिकेत वास्तव्यास जाणाऱ्या कुटुंबांतील भगिनींसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पाळणाघर काढण्याचा विषय निघाला की मराठी गृहिणीच्या तोंडी पहिले वाक्य ठरलेले असते : “स्वतःची दोन वाढवली, आणखी चार काय जड आहेत?” या वाक्यात वात्सल्य आहे आणि आत्मविश्वासही आहे. परंतु संगणकक्षेत्रातील पतीसमवेत ज्या कॅलिफोर्नियात अनेक मराठी स्त्रिया जाऊन राहिल्या, तेथे एवढ्याच भांडवलावर पाळणाघर उघडता येत नाही. स्वतःच्या मुलांखेरीज एकाच कुटुंबाची मुले सांभाळण्यास तेथे परवाना लागत नाही. दुसऱ्या कुटुंबाचे मूल दारात आले, की राज्याच्या समाजसेवा खात्याचा परवाना अनिवार्य ठरतो.

त्याही आधी व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला मोबदला घेऊन काम करता येत नाही. पती ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला असेल, तर २०१५ पासून अशा पत्नीला कामाची अनुमती मागता येते. ती हाती नसताना “ओळखीतलीच तर मुले आहेत” म्हणून पैसे घेणे हे संकटास आमंत्रण आहे.

परवान्याची खरी कसोटी त्या स्त्रीपुरती मर्यादित नसते. ती संपूर्ण घराची असते. घरात राहणाऱ्या अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने बोटांचे ठसे देऊन गुन्ह्यांच्या नोंदींची पडताळणी करून घ्यावी लागते, क्षयरोग नसल्याचा दाखलाही द्यावा लागतो. सहा महिन्यांसाठी येऊन राहिलेले सासू-सासरे यातून सुटत नाहीत. ज्यांनी आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढली नाही, त्या निवृत्त मुख्याध्यापक सासऱ्यांना “ठसे द्यायला चला” असे कोणत्या तोंडाने सांगावे, हा सुनेपुढचा धर्मसंकटाचा प्रसंग असतो.

पण क्षणभर दुसऱ्या बाजूने पाहावे. वाड्यात मूल शेजारणीकडे ठेवणाऱ्या आईला त्या घरातील तीन पिढ्या ठाऊक असत. कोण तापट, कोण व्यसनी, कोणाच्या हाती मूल द्यावे, हे आळीला माहीत असे. सनीव्हेलच्या इमारतीत नवव्या महिन्याचे बाळ सोपवून कामावर धावणाऱ्या आईला यातले काय ठाऊक असणार? आळी जे काम न बोलता करीत होती, तेच तेथे ठशांचा कागद करतो. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

यानंतर सोळा तासांचे प्रशिक्षण. त्यातील निम्मे तास प्रथमोपचार आणि बालकाचा श्वास वा हृदय थांबल्यास करावयाच्या उपायांचे असतात. हे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवे करावे लागते. विषारी द्रव्ये कुलुपात हवीत, औषधे व साफसफाईची रसायने मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी हवीत. धूरसूचक आणि अग्निशामक तर हवेतच. पांगुळगाड्याचा आधुनिक अवतार, म्हणजे चाकांचा बेबी वॉकर, घरात ठेवण्यासही बंदी आहे.

सर्वांत अवघड जाते ते तान्ह्या बाळाच्या निजेचे. २०२० पासूनच्या नियमांनुसार बाळाला उताणेच निजवायचे. पाळण्यात उशी नाही, गोधडी नाही, मऊ खेळणी नाहीत. दुपट्यात गुंडाळणेही चालत नाही. वर दर पंधरा मिनिटांनी जाऊन बाळाकडे पाहायचे आणि तशी नोंद करायची. पिढ्यान्‌पिढ्या बाळाला घट्ट बांधून निजवणाऱ्या आजीला हे चमत्कारिक वाटेल. झोपेत गुदमरून वा अकस्मात होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी हे नियम आहेत, आणि येथे आजीने माघार घेणेच योग्य.

मुलांच्या संख्येचे गणितही नीट समजून घ्यावे. लहान परवान्यावर साधारणतः सहा मुले, त्यात दोन वर्षांखालील तीनच. केवळ तान्हीच घेतली तर चार. शाळेत जाणारी मुले असल्यास काही अटींवर आठपर्यंत जाता येते. यात स्वतःची दहा वर्षांखालील मुलेही मोजली जातात, आणि अनेकींचा हिशेब नेमका येथेच चुकतो. चौदापर्यंतच्या मोठ्या परवान्यासाठी अनुभव, मदतनीस आणि अग्निशमन दलाची संमती लागते. घर भाड्याचे असले तरी अडत नाही. घरमालकाला तीस दिवस आधी लेखी कळवावे लागते.

मारणे सर्वथा वर्ज्य. “एक चापटी दिली तर काय झाले” हे तेथे चालत नाही, आणि इकडेही चालू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. कॅमेरा नसता तर?

कॅलिफोर्नियात तपासनीस पूर्वसूचना न देता येतो. मूल पाळणाघरात असेपर्यंत त्याच्या आईबापांना केव्हाही आत येऊन पाहण्याचा हक्क असतो. दुपारची वामकुक्षी चालली आहे म्हणून दार लावून घेता येत नाही.

अर्जापूर्वी खात्याचा माहितीवर्ग करावा लागतो. तो संगणकावरही करता येतो. आणि अर्ज करण्याचे ठरले, तर पुण्या-नाशिकहून निघणाऱ्या सासूबाईंना ठशांविषयी तिकीट काढण्यापूर्वीच सांगावे. त्या विमानतळावर उतरल्यावर गाडीत सांगण्याची ही गोष्ट नव्हे.