तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला?

(उमरेड येथे बचत गटांतल्या बायका आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजणींनी नाक मुरडलं असेल. नगर परिषदेचा पैसा, अंदाजपत्रक, अनुदान हे काय बायकांचं बोलणं आहे का? आपण हिंसेवर बोलतो, दारूवर बोलतो, हुंड्यावर बोलतो. पण मला सांगा, नळ दिवसाआड आला की पहाटे कोण उठतं? बाजारात मुतारी नसली की सकाळपासून पाणी न पिता भाजी विकायला कोण बसतं? रस्त्यावरचा दिवा बंद असला की शिकवणीला जाणं कुणाचं बंद होतं? हे सगळे खर्च कुठल्या ना कुठल्या वहीत लिहिलेले असतात, किंवा लिहायचे राहिलेले असतात. ती वही आपण उघडत नाही. आज ती उघडू या.

मी स्वतः एकदा निवडून गेले होते. विदर्भातल्याच एका लहान नगर परिषदेत, नाव महत्त्वाचं नाही. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि आमच्या गल्लीनं मला उभं केलं. पहिल्याच सभेत विषयपत्रिका हातात आली, त्यावर बावीस विषय. शेजारचे जुने सदस्य म्हणाले, "ताई, तुम्ही सही करून द्या, चहा थंडा होऊन राहिला." मी सही केली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ज्या नालीसाठी माझ्या वॉर्डातल्या बायकांनी मला मतं दिली, ती यादीत नव्हतीच. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वर्षी मी अंदाजपत्रक मागून घेतलं आणि लेखापालांसमोर बसले. आठवडी बाजारात बायकांसाठी संडास-मुतारी हवी, एवढीच माझी मागणी होती. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, "बाई, तरतूद आहे. कागदावर आहे. पैसा आला की करू." पैसा कुठून येणार होता? वरून. कधी येणार होता? ते त्यांनाही माहीत नव्हतं.

इथून माझं शिक्षण सुरू झालं. आपल्याला खुर्ची केव्हा मिळाली आणि तिजोरी केव्हा रिकामी झाली, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तेव्हा निदान एक तृतीयांश जागा घटनेनंच राखून दिल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. यासाठी आपण सभा घेतल्या, मोर्चे काढले. त्याच काळात, १९९९ मध्ये, नगर परिषदांची जकात बंद झाली.

तरुण मुलींनी जकात नाका पाहिलेला नसेल. गावात माल आला की नाक्यावर त्याचा कर द्यावा लागे. उमरेड तर कोष्ट्यांच्या मागांचं, मिरचीच्या आणि धान्याच्या बाजाराचं गाव. अशा गावांना जकातीचा मोठा आधार होता. जकातीत वाईट पुष्कळ होतं: ट्रक तासन्‌तास उभे राहत, चिरीमिरी चाले. ती गेली म्हणून मी रडत नाही. पण तिच्या जागी गावाला स्वतःचं दुसरं उत्पन्न मिळालं नाही. मिळालं ते राज्याचं सहायक अनुदान. महानगरपालिकांची पाळी पुढे आली. नागपूरची जकात २०१३ मध्ये गेली, स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतांशी गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. आता नागपूरसारखं मोठं शहरही राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसतं.

स्वतःची कमाई आणि नवऱ्यानं हातावर ठेवलेले पैसे यांतला फरक इथे बसलेल्या एकीलाही समजावून सांगायला नको. रक्कम तीच असली तरी दुसऱ्या पैशाला हिशेब विचारणारा असतो, तो उशिरा येतो, आणि कशावर खर्च करायचा हे आधीच ठरून येतं. नगर परिषदेचं आज तेच झालं आहे. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या गावांना जे अनुदान ठरवलं, त्यातले शंभरातले साठ रुपये पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले होते. कामं चांगलीच आहेत. पण गावाची निकड वेगळी असली तर उरलेल्या चाळीसांतच हात फिरवायचा. योजना आली की तिच्यात नगर परिषदेचा स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. तो नसला की इमारत अर्धवट उभी राहते.

रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा एक अहवाल आहे. देशात वर्षभरात जेवढं उत्पन्न निर्माण होतं, त्याच्या जेमतेम एक टक्का आपल्या नगरसंस्थांच्या वाट्याला येतो. ब्राझीलमध्ये हाच वाटा सात टक्क्यांच्या वर आहे आणि दक्षिण आफ्रिकेत सहा टक्क्यांच्या आसपास. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे द्यायचे १८ विषय लिहिले आहेत. कामं अठरा आणि हातात एक टक्का! अशा घरात सून म्हणून गेल्यावर तिच्याकडून कसला थाटाचा संसार मागता?

आता उमरेडचंच पाहा. उमरेड, मकरधोकडा या खाणींतून कोळसा निघतो. खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे कोल इंडियाच्या. कोळशाचं स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं. धूळ मात्र दोरीवरच्या धुण्यावर बसते. २०१५ मध्ये केंद्रानं खाण कायदा बदलला आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यानं स्वामित्वधनाच्या वर आणखी रक्कम खाणबाधित लोकांसाठी द्यायची. जुन्या खाणींना ती स्वामित्वधनाच्या ३० टक्के. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण ही कामं त्यात अग्रक्रमाची आहेत. पण कामांची यादी जिल्ह्याच्या पातळीवर होते. तुमच्यापैकी किती जणींनी ती यादी पाहिली आहे? हात वर करा. (एकही हात वर झाला नाही.) बरं, निदान खरं सांगितलंत.

दुसरी गोष्ट. घटनेनं सांगितलं आहे की पाच वर्षं संपण्याआधी नगर परिषदेची निवडणूक झालीच पाहिजे. आपल्याकडे काय झालं? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर २०२२ च्या सुमारास प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. म्हणजे तीन-साडेतीन वर्षांहून जास्त काळ निम्म्या जागा आपल्या होत्या, आणि जागाच नव्हत्या. प्रशासक म्हणून बसलेला माणूस चांगला असेलही. पण भांडी वाजवत त्याच्या दारी गेलं तर पुढच्या निवडणुकीत त्याचं काही बिघडत नाही. आणि नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हे २०१६ मध्ये बदललं, २०२० मध्ये उलटलं, २०२२ मध्ये पुन्हा पालटलं. गावाच्या घराचा उंबरठा कुठे असावा हे दर वेळी मुंबईत ठरतं.

खेड्यातल्या आपल्या बहिणीला ग्रामसभा आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असाही नियम आहे. शहराची वस्ती तीन लाखांवर असली तर प्रभाग समित्या घटनेनं सांगितल्या आहेत. उमरेडसारखं पन्नास हजारांचं गाव दोन्हींच्या मधे लोंबकळतं. इथल्या बाईनं बोलायचं कुठे? म्हणून ती जागा आपणच तयार करायला हवी.

एक नाजूक मुद्दा बोलते, रागावू नका. घरपट्टी वाढली की आपण मोर्चात पुढे असतो. चार वर्षांनी फेरआकारणी येते, नोटिसा निघतात आणि सगळे पक्ष एका सुरात "करवाढ रद्द करा" म्हणतात. विधवेच्या दोन खोल्यांवर वाढलेला कर मागे घ्या, हे मीही म्हणेन. पण त्याच आरडाओरड्यात तीन मजली दुकानवाल्याची थकबाकी झाकली जाते, हे आपल्या लक्षात येत नाही. तो भरत नाही म्हणून नळ कोरडा राहतो आणि घागर आपल्या डोक्यावर येते. कर नको, असं म्हणणं गरीब बाईच्या फायद्याचं नाही. ज्याची ऐपत जास्त त्यानं आधी भरावं, हे म्हणणं तिच्या फायद्याचं आहे. २०२४ पासून खात्यात दीडहजार रुपये येतात, ते यावेतच. पण त्या पैशातून कुणी गल्लीची नाली बांधू शकत नाही आणि पाण्याची टाकीही उभारू शकत नाही. ती कामं सगळ्यांनी मिळून भरलेल्या पैशातूनच होतात.

मग करायचं काय? चार साधी कामं सांगते.

एक, घरातली कराची पावती आणा आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. घरपट्टी किती, पाणीपट्टी किती, आणि शिक्षण कर, रोजगार हमी उपकर म्हणून राज्याकडे किती जातं, ते ओळीनं लिहा.

दोन, अंदाजपत्रकाची प्रत मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के रक्कम राखायची असते. ती ठेवली का, खर्च केली का, कशावर केली, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. शिलाई मशीन वाटपाचे फोटो पुष्कळ पाहिले. बाजारातली मुतारी त्या पैशात बसते का, तेही विचारा.

तीन, मोठ्या थकबाकीदारांची यादी मागा. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणत बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न लावून धरला. सुरुवात त्यांनीही मोजण्यापासूनच केली. आपणही मोजू या.

चार, निवडून गेलेल्या बाईला एकटी सोडू नका. ती कुठल्या पक्षाची आहे हे नंतर पाहू. सभेच्या आदल्या दिवशी चार जणींनी तिच्या घरी बसून विषयपत्रिका वाचावी. तिच्या नवऱ्यानं सभेत बसू नये, असं म्हणायचं धाडस तिला आपल्या सोबतीनंच येईल. माझ्यासोबत तेव्हा कुणी नव्हतं. बाजारातली मुतारी माझ्या मुदतीत झाली नाही. ती भाजीवाली आजी मला अजून भेटते आणि विचारत नाही. तिनं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

फेब्रुवारी आला की अंदाजपत्रकाची तयारी सुरू होते. तेव्हा हळदीकुंकवाचे दिवसही सरत आलेले असतात. या वेळी वाण म्हणून एकमेकींना अंदाजपत्रकाच्या त्या एका पानाची झेरॉक्स द्या. घरातल्या किल्ल्या आपल्या कमरेला यायला किती पिढ्या लागल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. गावाच्या किल्लीसाठी इतकी वाट पाहायची नाही.