दूध केंद्रावरची नोकरी : अर्ज करावा की नको?



गावच्या दूध संस्थेच्या फळ्यावर ‘टेस्टर पाहिजे’ असा कागद लागतो. शिक्षण पुरेसे असते, घरी दोन म्हशी असतात. पण खाली एक ओळ असते : ‘फॅट, एस.एन.एफ. काढण्याची व संगणकावर नोंदीची माहिती आवश्यक.’ ती वाचून पुष्कळ मुले-मुली माघारी फिरतात. तुम्ही तसे करू नका. आधी एवढे करा.

१) अटींचे दोन भाग पाडा. वय, शिक्षण, पहाटे व सायंकाळी दोन्ही वेळा हजेरी, यांत बसत नसाल तर विषय संपला. यंत्राचे तसे नाही; ते शिकून घेता येते.

२) काम डोळ्यांनी पाहा. सचिवांना विचारून चार दिवस केंद्रावर उभे राहा. गर्बर पद्धतीत नळीत आधी १० मि.लि. गंधकाम्ल, मग कडेने सावकाश १०.७५ मि.लि. दूध, नंतर १ मि.लि. अमाईल अल्कोहोल घालतात. बूच लावून हलवतात आणि नळी यंत्रात मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांनी ५ मिनिटे फिरवतात. फॅट वर येते, आकडा वाचायचा. गंधकाम्ल भाजते, ते तोंडाने कधीच ओढायचे नाही. बऱ्याच केंद्रांवर आता नमुना लावला की आकडा दाखवणारे यंत्र असते. बरं का, बटण दाबणे सोपे आहे. आकडा चुकतोय हे ओळखणे, हे खरे कसब.

३) अर्जात खरे तेच लिहा. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी सामू मोजण्याचे यंत्र ‘चालवता येते’ असे लिहिले. कॉलेजात ते फक्त पाहिले होते! बफर द्रावणाने यंत्र जुळवून न घेताच मातीचे नमुने तपासले. सगळे पुन्हा करावे लागले. एक आजोबा म्हणाले, “साहेब, पहिल्या कागदावर भरवसा ठेवून मी जिप्सम टाकलं असतं तर?” मला उत्तर देता आले नाही. दुधाचेही तसेच. फॅटचा एक पॉइंट चुकला की कुणाच्या तरी घरचे पैसे बुडतात.

म्हणून लिहा : ‘पद्धत पाहिली आहे, स्वतः केलेली नाही, शिकण्याची तयारी आहे.’

४) मुलाखतीत तुम्हीही विचारा. शिकवणार कोण? किती दिवस? तोवर आकड्यावर सही कुणाची? उत्तर नीट मिळाले तर खुशाल रुजू व्हा. पहिल्याच दिवशी किल्ली हातात देऊन ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणत असतील, तर नम्रपणे नकार द्या.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरे. पण आधी खोली विचारून घ्यावी. फळ्यावरची शेवटची तारीख तेवढी आजच बघून या.