शिंगराचा रंग कुठून येतो?



मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग दात आणि पाय. रंगावर किंमत ठरते आणि रंगावरूनच भांडणंही होतात.

अशा एका भांडणात मला मध्ये पडावं लागलं. एका शेतकऱ्यानं आपली कुमैत घोडी शेजारच्या गावातल्या काळ्याभोर घोड्याला दाखवली. अकरा महिन्यांनी शिंगरू झालं ते निव्वळ तांबडं, आयाळसुद्धा तांबडी! "पैसे काळ्याचे घेतले आणि घोडी दुसऱ्यालाच लावली," असा आरोप झाला. दोन घरांचं बोलणं बंद झालं. पण लबाडी न होताही असं शिंगरू होऊ शकतं. कसं, ते आज पाहू.

आधी मुख्य तीन रंग ओळखून घ्या. सगळं अंग काळं तो काळा. अंग तांबूस, पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा तो कुमैत. अंगही तांबडं आणि आयाळ-शेपूटही तांबडीच तो सुरंग.

संकरित ज्वारीचं बी घरचंच ठेवून पेरलं, तर दुसऱ्या वर्षी ताटं एकसारखी येत नाहीत, हे तुम्ही जाणता. पहिल्या पिढीत दडलेले गुण दुसऱ्या पिढीत वर येतात. जनावरांचंही तसंच आहे. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या जनावराच्या अंगात असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. शिंगराला देताना प्रत्येकाकडून दोनपैकी एकच चिठ्ठी जाते. कोणती, ते आपल्या हातात नाही.

रंगाची पहिली जोडी ठरवते की केसात काळा रंग तयार होईल की नाही. 'काळा होईल' ही चिठ्ठी जोरकस. ती एक असली तरी काळा रंग दिसतो आणि तांबडी चिठ्ठी खाली दडून राहते. दोन्ही चिठ्ठ्या तांबड्या आल्या तरच सुरंग होतो. दुसरी जोडी ठरवते की हा काळा रंग सगळ्या अंगावर पसरेल, की फक्त आयाळ, शेपूट आणि पायांवर राहील. आवरून धरणारी चिठ्ठी इथं जोरकस. तिच्यामुळे कुमैत होतो.

आता भांडणाकडे येऊ. मी विचारलं, "या घोडीचं आधीचं शिंगरू कसं होतं?" मालक म्हणाला, "तेही तांबडंच." घोड्याच्या मालकाला विचारलं, "याची आई कोणत्या रंगाची?" तो म्हणाला, "सुरंग." म्हणजे तांबडी चिठ्ठी दोघांकडेही दडलेली होती. अशा जोडीला दर वेतात चारात एक या हिशेबानं सुरंग शिंगरू होण्याचा संभव असतो. दोघांनाही ते पटलं.

काही गोष्टी लिहून ठेवा:

१. सुरंग घोडी आणि सुरंग घोडा यांचं शिंगरू सुरंगच होतं. या जोडीला काळं किंवा कुमैत शिंगरू झालं, तर चौकशी जरूर करा.

२. काळ्या जोडीला काळं किंवा सुरंग होतं, कुमैत होत नाही.

३. कुमैत जोडीला तिन्हीपैकी कोणताही रंग येऊ शकतो.

४. काळा घोडा आणि सुरंग घोडी यांना कुमैत झालं तरी नवल नाही. सुरंग अंगात काळा रंगच नसल्यामुळे तो आवरून धरणारी चिठ्ठी दिसून येत नाही.

पांढऱ्याचं मात्र वेगळं आहे. बरेचसे पांढरे घोडे जन्मतः गडद असतात आणि वर्षागणिक पांढरे होत जातात. त्यांची कातडी काळीच राहते. ही पांढरं करणारी चिठ्ठी जोरकस आहे, दडून राहत नाही. म्हणून आई-बापांपैकी एक तरी तसा असल्याशिवाय शिंगरू तसं होत नाही. अशा शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस बहुधा लवकर दिसू लागतात. या घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली काळ्या गाठी येण्याचं प्रमाण बरंच असतं. घेताना शेपटी उचलून पाहा. जन्मतःच पांढरा आणि गुलाबी कातडीचा असेल, तर त्याला उन्हाचा त्रास होतो. सावलीची सोय ठेवा.

जन्मल्याबरोबर रंगावर सौदा करू नका. लहानपणीचे केस गळून नवे येऊ द्या. काळं होणारं शिंगरूही पुष्कळदा राखी दिसतं. पंचकल्याणी आई-बापांचं शिंगरू पंचकल्याणीच होईल, असंही कुणी खात्रीनं सांगू नये. चाऱ्यानं केसांची चमक वाढते, पण चिठ्ठ्या बदलत नाहीत.

घोडी दाखवाल त्या दिवशी तारीख आणि घोड्याचा रंग वहीत लिहा. जमल्यास घोड्याच्या आई-बापांचा रंगही विचारून घ्या. तरीही वाद उरलाच, तर घोडी, घोडा आणि शिंगरू यांचे मुळासकट केस तपासून बाप कोण ते आज ठरवता येतं. त्यासाठी पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा.

रंग चिठ्ठ्यांवर ठरतो, माणसाच्या इमानावर नाही. तेव्हा शेजाऱ्याशी बोलणं तोडण्याआधी त्याच्या घोड्याची आई कशी होती, एवढं विचारा.